ॲमेझॉनचा पाऊस आणि सोयाबीनचा करार

19 ऑगस्ट 2019 रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात दुपारी तीनच्या सुमारास अंधारून आले आणि वाहनांना दिवे लावावे लागले. दूरवरच्या वणव्यांचा धूर ढगांत मिसळला होता. त्याच आठवड्यात, ॲमेझॉन हे पृथ्वीचे फुफ्फुस असून जगाचा 20 टक्के ऑक्सिजन तेथून येतो, असे विधान जगभर फिरले. फ्रान्सच्या अध्यक्षांनीही ते केले. हे विधान चुकीचे आहे. जंगलातली झाडे दिवसा जेवढा ऑक्सिजन सोडतात, जवळपास तेवढाच त्यांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशी व जिवाणूंच्या श्वसनात खर्ची पडतो. (आपल्याकडे पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो असे छातीठोकपणे सांगितले जाते, तेही खरे नाही. प्रकाशाशिवाय झाडाला ऑक्सिजन तयार करता येत नाही, मग ते झाड कितीही पूजनीय असो.) या जंगलाचे खरे देणे पाण्याचे आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय जंगल राखण्यासाठी केलेल्या सरकारी आणि व्यापारी उपायांचे मोल कळत नाही.

अंगणातल्या एखाद्या झाडाच्या पानांनी भरलेल्या फांदीला सकाळी पारदर्शक पिशवी घट्ट बांधून ठेवावी. काही तासांत पिशवी आतून धूसर होते, थेंब ओघळू लागतात आणि तळाच्या कोपऱ्यात थोडे पाणी साठते. मुळांनी जमिनीतून ओढलेले हे पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडलेले असते. शाळेत आपण याला बाष्पोत्सर्जन म्हणतो. ॲमेझॉनमध्ये हीच क्रिया लाखो चौरस किलोमीटरवर अखंड चालते.

ही वाफ पुन्हा पाऊस होऊन पडते हे सिद्ध कसे झाले, ती हकिकत मला फार सुंदर वाटते. पाण्याच्या सुमारे पाचशे रेणूंमागे एक रेणू किंचित जड असतो, कारण त्यातल्या ऑक्सिजनच्या अणूचे वस्तुमान 16 ऐवजी 18 असते. पाण्याची वाफ होताना हलके रेणू अधिक सहज उडतात, आणि ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे समुद्रावरून निघालेला वारा पाऊस पाडत पाडत खंडाच्या आत जातो, तसतसे त्याच्या पावसातले जड रेणू घटत जायला हवेत. अटलांटिकवरून अँडीज पर्वताकडे जाणाऱ्या वाऱ्यांच्या वाटेवरचे पावसाचे पाणी एनेआस सलाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात तपासले, तेव्हा ही घट अपेक्षेपेक्षा फारच थोडी निघाली. याचा अर्थ, खाली पडलेले जड पाणीही पुन्हा हवेत चढत होते. डबक्यातून उडणारी वाफ हे काम करू शकत नाही, कारण तिच्यात हलके रेणूच जास्त असतात. पानातूनही सुरुवातीला हलके रेणूच अधिक निसटतात. मात्र पानात पाण्याचा साठा अगदी थोडा आणि मुळांकडून येणारा पुरवठा सततचा, म्हणून पानात जड रेणूंचे प्रमाण वाढत जाते, आणि ते इतके वाढते की शेवटी बाहेर पडणाऱ्या वाफेत जड व हलक्या रेणूंचे प्रमाण मुळांनी शोषलेल्या पाण्याइतकेच होते. अशा रीतीने झाड पावसाचे पाणी त्याच्या मूळ घडणीसह हवेला परत करते. सलातींच्या हिशेबाने तिथला सुमारे निम्मा पाऊस असा पुन्हा वापरलेल्या पाण्याचा होता. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा वाटा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश निघाला, आणि तोही थोडा नव्हे. पुढे 2017 साली उपग्रहाच्या नोंदींतून जड हायड्रोजनचा असाच माग काढण्यात आला. त्यातून असे दिसले की दक्षिण ॲमेझॉनमधला पावसाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत हवेत साठणारा ओलावा मुख्यतः झाडांनी सोडलेला असतो.

नेमक्या त्याच दक्षिण पट्ट्यात, मातो ग्रोसो राज्यात, सोयाबीनची प्रचंड शेते आहेत. पहिल्या पावसावर सोयाबीन पेरायचे, जानेवारी-फेब्रुवारीत ते काढून त्याच रानात मका घ्यायचा, असे तिथले गणित आहे. पाऊस लांबला की पेरणी लांबते, आणि मग मका पोसण्याआधीच पाऊस संपतो. म्हणून तेथे जंगल तोडणारा शेतकरी स्वतःच्याच दुसऱ्या पिकाचे पाणी तोडत असतो.

ब्राझीलमध्ये 2004 साली ॲमेझॉनमधले 27,772 चौरस किलोमीटर जंगल तुटले; 2012 साली तोच आकडा सुमारे 4,600 वर आला. ही घट एका उपायाने झाली नाही. तोड सुरू असतानाच इशारा देणारी उपग्रह यंत्रणा 2004 मध्ये सुरू झाली. ॲमेझॉन क्षेत्रातल्या शेतकऱ्याने पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा दिल्याशिवाय बँकांनी त्याला कर्ज देऊ नये, असे मध्यवर्ती बँकेने 2008 मध्ये ठरवले. या दोन्हींच्या जोडीला होता तो व्यापाऱ्यांचा करार. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेच्या मोहिमेनंतर आणि युरोपातल्या ग्राहक कंपन्यांच्या दबावाखाली, बड्या निर्यातदारांनी जुलै 2006 मध्ये जाहीर केले की यापुढे ॲमेझॉनचे जंगल तोडून काढलेल्या शेतातले सोयाबीन आम्ही विकत घेणार नाही. ॲमेझॉन क्षेत्रात आधी सोयाबीनच्या नव्या लागवडीपैकी जवळपास 30 टक्के ताज्या तोडीवर होत असे. 2014 पर्यंत हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर उतरले, आणि तरीही सोयाबीनचे क्षेत्र वाढतच राहिले, कारण आधीच मोकळी झालेली कुरणे उपलब्ध होती.

कराराच्या मर्यादाही स्पष्टच सांगायला हव्यात. शेजारच्या सेराडो या गवताळ-वृक्षाळ प्रदेशाला तो लागू नव्हता आणि तेथे नांगर चालतच राहिला. सरकारी धोरण सैल झाल्यावर 2021 साली ॲमेझॉनमधली तोड पुन्हा 13,000 चौरस किलोमीटरवर गेली, आणि पुढे देखरेख कडक झाल्यावर 2024 साली ती सुमारे 6,300 वर आली. एवढ्या चढउतारानंतर केवळ कंपन्यांच्या शब्दावर किंवा ‘एक रोप लावा, हवामान वाचवा’ अशा जाहिरातींवर मी तरी विसंबणार नाही. नव्या रोपांच्या रांगेला जुन्या जंगलाइतके पाणी खोलवरून उपसायला कित्येक वर्षे लागतात.

ब्राझिलियन कायद्याने ॲमेझॉनमधल्या जमीनमालकाला 80 टक्के जंगल राखून उरलेली जमीन मोकळी करता येते. तेव्हा कायद्याने दिलेला हक्क खरेदीदार हिरावून घेतात, अशी मातो ग्रोसोतल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि 2025 साली देशाच्या स्पर्धा नियामकाने या कराराची चौकशी सुरू केली. भारत आयात करत असलेल्या सोयाबीन तेलातही ब्राझीलचा वाटा आहे, त्यामुळे या वादाशी आपल्या स्वयंपाकघराचाही संबंध येतो. राखलेल्या जंगलाचा मोबदला शेतकऱ्याला मिळायला हवा, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते. करार मोडून मात्र ती पुरी होणार नाही, कारण ते ज्या पहिल्या पावसावर पेरतात, त्याचा ओलावा त्या 80 टक्क्यांतूनच येतो.