लंडनहून आरोपी परत आणायला काय लागतं, 1881 ला आणि आता

प्रत्यर्पण, म्हणजे एका देशात असलेला आरोपी दुसऱ्या देशाच्या मागणीवरून त्याच्या ताब्यात देणं, हा शब्द बातम्यांमध्ये सारखा येतो, पण कागद नेमके कुठून कुठे जातात ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितोय. सुरुवात जुन्या कायद्यापासून करावी लागेल, कारण सावरकरांची केस त्याच्यावरच चालली.

1881 चा फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स ॲक्ट. ब्रिटन आणि वसाहती म्हणजे एकाच राणीचं राज्य, त्यामुळे माणूस परदेशात पळालाय असं धरतच नव्हते. 12 महिने किंवा जास्त सक्तमजुरीचा गुन्हा असला की पात्रता झाली, मग वसाहतीतल्या वॉरंटवर लंडनमध्ये मंजुरीची सही, मॅजिस्ट्रेटपुढे पुरावा, हेबियस कॉर्पससाठी (कैद बेकायदा आहे म्हणून कोर्टात दाद मागायला) 15 दिवस आणि त्यानंतर जहाज. परक्या देशांसाठीच्या 1870 च्या कायद्यात राजकीय गुन्ह्याला सूट होती, म्हणजे त्यासाठी माणूस सोपवायचा नाही, इथे नव्हती! म्हणजे लंडनमधल्या फ्रेंच माणसाला फ्रान्सने मागितलं तर तो ही सूट मागू शकत होता आणि 13 मार्च 1910 ला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलेले सावरकर, म्हणे ब्रिटिश प्रजाजन, त्यांना ती मागताच येत नव्हती. मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

1954 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने मेनन केसमध्ये सांगितलं की प्रजासत्ताक झाल्यावर हा कायदा इथे लागू नाही, मग 1962 चा आपला प्रत्यर्पण कायदा आला. ब्रिटनने मात्र 1963 ला नायजेरियाचे विरोधी नेते एनाहोरो यांना जुन्याच कायद्याने नायजेरियाला पाठवलं, पार्लमेंटमध्ये केवढा गदारोळ झाला, आणि 1967 च्या नव्या कायद्यात राजकीय सूट आली.

आता चालतो 1992 चा भारत-ब्रिटन करार. गुन्हा दोन्हीकडे किमान एक वर्ष कैदेचा हवा. तपास यंत्रणा फाइल बनवते, त्यात वॉरंट, ओळख पटवणारी माहिती, घटनेचा तपशील, कायद्याची कलमं आणि सकृद्दर्शनी पुरावा, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा (शिक्षा आधीच झाली असेल तर त्याचा निकाल). फाइल परराष्ट्र मंत्रालयामार्फत ब्रिटनच्या होम ऑफिसला, तिथून वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टात जाते, शेवटी ब्रिटनच्या गृहमंत्र्याची सही, आणि आरोपीला हायकोर्टात अपिलाची परवानगी मागता येते. पुराव्यात ढिलाई नको, भारताला त्यात सवलत नाही.

राजकीय सूट करारात आहे पण खून, स्फोटकं, अपहरण आणि त्यातली मदत बाहेर ठेवलीय, त्यामुळे सावरकरांना आज ती मिळालीच असती असं मी म्हणणार नाही, पण कोर्टात मुद्दा तरी मांडता आला असता.