परदेशी खेळण्यांच्या दुकानामागची गोष्ट

परदेशी खेळण्यांच्या खास दुकानात मुरलेलं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. शेल्फवरची चिमुकली गाडी हातात आली की ते रंग बघत नाही, दारं उघडतात का तेही बघत नाही. आधी गाडी उलटी करतं. बुडाच्या पत्र्यावर कंपनीचं नाव असतं, बऱ्याचदा प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीहून किती पट लहान ते, असतं आणि माल कुठे बनला ते असतं. मॅचबॉक्सच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. एकीच्या पोटावर ‘मेड इन इंग्लंड’ आणि दुसरीच्या पोटावर ‘मेड इन मकाव’ असेल, तर संग्राहकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. भावही वेगळा.

‘मेड इन’ची ही ओळ खेळण्यांवर आली ती व्यापारातल्या भांडणातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मन माल सगळीकडे घुसू लागला, तेव्हा ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांसंबंधीचा कायदा केला. पाठोपाठ अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यात आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं. ब्रिटनमधल्या कायद्यामागे तर हेतू उघड होता: लोकांनी नाव वाचावं आणि माल खाली ठेवावा. खेळण्यांच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं. जर्मन आगगाड्या आणि बाहुल्यांचा दर्जा असा होता की तो शिक्का हमीपत्रासारखा चालू लागला, आणि पुढच्या संग्राहकांना कालनिर्णयाची आयती खूण मिळाली.

दुरून मागवलेल्या चिमुकल्या वस्तूंची हौस मात्र त्याहून बरीच जुनी. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत व्यापारी घरातल्या बाईंचं बाहुलीघर आहे. साधारण १६८६ ते १७१० या काळात ते सजत गेलं. त्यातली इवलीशी चिनी मातीची भांडी खरोखर चीनमधून मागवलेली आहेत. या घराच्या खर्चात तेव्हा कालव्याकाठचं खरंखुरं घर आलं असतं असं म्हणतात. मुलांनी त्याला हात लावावा अशी अपेक्षा तेव्हाही नव्हती. हे मोठ्यांचं खेळणं होतं, काचेआड ठेवून पाहुण्यांना दाखवायचं. खोक्यातून न काढलेली फिगर, म्हणजे एखाद्या पात्राची छोटी मूर्ती, कपाटात मांडणाऱ्या आजच्या संग्राहकाची जी टिंगल होते, ती करणाऱ्यांनी हे बाहुलीघर एकदा बघावं.

ही हौस श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून दुकानात आली ती एकोणिसाव्या शतकात. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या फ्रेडरिक श्वार्त्झ यांनी १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. युरोपातून वेचून आणलेली खेळणी ही त्याची खासियत. म्हणजे गोदामात येईल ते विकायचं असं नव्हे, तर कोणीतरी जाणकाराने निवडलेलं विकायचं. खास दुकान आणि साधं दुकान यांतला फरक आजही एवढाच आहे.

निवडून माल आणायचा तर दोन देशांतल्या वस्तू एकमेकींशी जुळायला हव्यात, आणि इथे सूत्रं आगगाडीच्या हाती गेली. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या ठरावीक मापांची मालिका मांडली. त्याआधी ज्याचे रूळ त्याचीच गाडी. आता वेगवेगळ्या कारखान्यांचे डबे एकाच रुळावर धावू लागले आणि रुळाकडेच्या माणसांना, घरांना, मोटारींनाही माप सापडलं. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले. युक्ती सोपी होती: वितळलेलं मिश्रधातू साच्यात ओतायचं, कडेचा थर गोठला की लगेच उरलेलं बाहेर ओतून टाकायचं. धातू कमी लागला, सैनिक हलका आणि स्वस्त झाला, आणि भरीव जर्मन सैनिकांची बाजारपेठ हलली. या सैनिकांची ५४ मिलिमीटर उंची मेर्क्लिनच्या मालिकेतल्या एक नंबरच्या रुळाला शोभेल अशी धरलेली होती.

डायकास्टच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाड्यांच्या, कपाटात १:४३ हा आकडा सतत दिसतो आणि नवख्या माणसाला तो फार विचित्र वाटतो. चाळीस नाही, पन्नास नाही, त्रेचाळीसच का? तर ब्रिटनमध्ये शून्य मापाच्या रुळांसाठी खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर असं प्रमाण धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातने भागलं की साडेत्रेचाळीस येतात. फुटाला साडेतीन मिलिमीटर धरलं की १:८७, म्हणजे छोट्या आगगाड्यांचं एचओ हे माप. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३३ च्या शेवटी छोट्या मोटारी काढल्या त्यासुद्धा आपल्याच हॉर्नबी या खेळण्यातल्या आगगाडीच्या देखाव्यात ठेवायला. १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं आणि पाहता पाहता मोटारींचा स्वतंत्र संसार सुरू झाला. आगगाडी मागे पडली, माप तेवढं राहिलं.

डिंकीच्या युद्धपूर्व गाड्या घेताना जाणकार भिंग लावून बघतात, त्याचंही कारण धातूत आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी थोडी जरी राहिली, तरी काही वर्षांनी तो आतून फुगतो. आधी रंगावर केसासारख्या रेघा येतात, मग गाडी किंचित लांबते, बाक धरते, आणि एक दिवस नुसती उचलली तरी बोटांत चुरा होतो. याला इलाज नाही. ‘जस्ताची कीड’ असं म्हणतात खरं, पण कीडबीड काही नसते. शेजारच्या गाडीला ती लागत नाही.

मॅचबॉक्सने माप या प्रकाराला सरळ फाटाच दिला. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्यांनी पितळेचा एवढासा रोडरोलर करून दिला, अशी कथा आहे. १९५३ मध्ये त्यातून मॅचबॉक्सची मालिका निघाली. इथे खोक्याचं माप ठरलेलं. बस असो की स्कूटर, प्रत्येकीने त्यात मावायचं. त्यामुळे ट्रक आणि मोटार शेजारी ठेवल्या तर प्रमाणाचा पार बोजवारा उडतो. पण किंमत मुलांच्या खाऊच्या पैशांत बसणारी होती, आणि या गाड्या जगभर गेल्या.

जपानमध्येही गेल्या. तिथल्या मुलांच्या हातात परदेशी मोटारी, आणि रस्त्यावर धावणाऱ्या जपानी मोटारींच्या तेवढ्या चिमुकल्या प्रतिकृती मात्र जवळपास नाहीत, ही उणीव टोमी कंपनीने हेरली. १९७० मध्ये सहा जपानी मोटारी घेऊन टोमिका आली. आज जगभरच्या खास दुकानांत टोमिका ही आवर्जून मागवायची परदेशी वस्तू आहे.

या क्षेत्राचा इतिहास चाळला की हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. बाहेरचा माल येतो, तो विकता विकता कोणाला तरी गिऱ्हाइकाची नस सापडते, तो स्वतः माल काढतो, आणि तोच माल दुसऱ्या कोणासाठी ‘इंपोर्टेड’ ठरतो. सर्वांत मासलेवाईक उदाहरण एका अमेरिकी सैनिकाचं. हॅसब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ मध्ये बारा इंची जी. आय. जो आणला. मुलगे बाहुली घेणार नाहीत या भीतीने त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हटलं गेलं. जपानच्या टाकाराने परवाना घेऊन तो आपल्याकडे विकला, मग १९७२ मध्ये त्याच धडाचा पारदर्शक सायबोर्ग, म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र, केला, १९७४ मध्ये त्याला आक्रसून बोटभर उंचीचा मायक्रोमन केला. तो १९७६ मध्ये मायक्रोनॉट्स या नावाने अमेरिकेत परतला. पुढे मायक्रोमन आणि डायाक्लोन या टाकाराच्या मालिकांमधली रूप बदलणारी यंत्रं हॅसब्रोनेच उचलली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकली. माहेरून निघालेला माल वीस वर्षांनी ओळखू न येण्याइतका बदलून माहेरीच आला.

जपानची सुरुवात खरं तर याहून कितीतरी हलाखीची. १९४५ च्या अखेरीस, युद्धानंतरच्या टंचाईत, कोसुगे नावाच्या कारागिराने रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून छोटी जीप बनवली आणि ती क्योटोत हातोहात खपली. नमुना होता दोस्तसैन्याच्या, रस्त्यावरून फिरणाऱ्या जीपचा. पुढे पत्र्याची खेळणी निर्यात होऊ लागली. १९४७ ते १९५२ या काळातल्या पुष्कळ मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का आहे. तेव्हा तो नामुष्कीचा होता, आज तेवढ्या शिक्क्यासाठीच खेळणं घेणारे लोक आहेत.

कारखान्यांबद्दल इतकं सांगितलं, पण दुकानदारांनी केलेली उलथापालथ त्याहून मोठी आहे. गेम्स वर्कशॉप १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली ती घरगुती धंदा म्हणून. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा अमेरिकी खेळ युरोपात विकण्याचा हक्क त्यांना मिळाला, १९७८ मध्ये त्यांनी हॅमरस्मिथला पहिलं दुकान उघडलं, आणि १९७९ मध्ये त्यांच्याच पाठिंब्याने चिमुकले सैनिक ओतणारी सिटाडेल मिनिएचर्स उभी राहिली. १९८३ मध्ये वॉरहॅमर हा त्यांचा स्वतःचा खेळ आला. त्यानंतर परक्या मालाची गरजच उरली नाही. यांच्या दुकानांत गिऱ्हाइकाला टेबलाशी बसवून रंगवायला शिकवतात, ही कल्पना धंद्याच्या दृष्टीने मला फार हुशारीची वाटते: ज्याने एक सैनिक स्वतः रंगवला, तो उरलेली पलटण घेतोच.

ओसाकाजवळ १९६४ मध्ये निघालेलं कायोदो हे असंच टीचभर मॉडेलचं दुकान. १९८० च्या सुमारास तिथल्या हौशी मंडळींनी घरच्या घरी रेझिनचे, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे, पुतळे ओतायला सुरुवात केली. मोठे कारखाने ज्या पात्रांकडे ढुंकून बघत नव्हते, ती पात्रं या ‘गॅरेज किट’मधून साकारली. परवान्याचा तिढा जपान्यांनी मोठ्या व्यवहारचातुर्याने सोडवला. वंडर फेस्टिव्हलसारख्या मेळ्यांत हक्कधारक फक्त त्या एका दिवसापुरता परवाना देतात. सकाळी कायदेशीर असलेली वस्तू संध्याकाळी दारं बंद झाल्यावर विकता येत नाही. म्हणून दहा-वीस नगांचा एखादा किट कायमचा दुर्मीळ होतो. कायोदोने १९९२ पासून हा मेळा चालवायला घेतला, आणि १९९९ मध्ये चॉकलेटच्या अंड्यात लपवलेल्या प्राण्यांच्या अचूक, चिमुकल्या प्रतिकृती बनवून मोठ्या माणसांना वेड लावलं.

किडरोबॉट हे दुकान २००२ मध्ये अमेरिकेत उघडलं ते हाँगकाँग आणि जपानच्या कलाकारांची व्हायनिल प्लॅस्टिकची खेळणी आणून विकायला. दोन वर्षांत डनी हे त्यांचं स्वतःचं खेळणं आलं. बीजिंगचं पॉप मार्ट २०१० मध्ये सटरफटर शौकाच्या वस्तूंचं दुकान होतं. तिथे सोनी एंजल ही जपानी बाहुली बंद खोक्यातून अशी काही खपली की चालकांनी धडा घेतला आणि २०१६ मध्ये मॉली या बाहुलीची मालिका स्वतः काढली. आत कोणती निघेल ते कळू न देण्याची ही तऱ्हा नाणं टाकलं की बंद गोळ्यातून खेळणं देणाऱ्या जपानच्या गाशापोन यंत्रांतून आलेली, आणि ती यंत्रं १९६० च्या दशकात जपानने अमेरिकेतून घेतलेली. लाबूबू या बाहुलीचं पात्र रेखाटणारे कासिंग लुंग हाँगकाँगचे, वाढले नेदरलँड्समध्ये. पॉप मार्टने ती २०१९ मध्ये हाती घेतली. २०२५ मध्ये रांगांत मारामाऱ्या होऊ लागल्यावर ब्रिटनमधल्या दुकानांत तिची विक्री काही काळ थांबवावी लागली.

किमतीतला एक मोठा वाटा जकातीचा असतो, आणि जकातीच्या खात्याने या वस्तूंबद्दल जे तर्क लढवले आहेत ते वाचण्यासारखे आहेत. मुलग्यांना चालावं म्हणून ज्याला हॅसब्रोने बाहुली म्हटलं नाही, त्या जी. आय. जोला अमेरिकी न्यायालयाने १९८९ मध्ये बाहुलीच ठरवलं; हा वाद होता तो बाहुल्यांवर कर जास्त होता म्हणून. टॉय बिझ कंपनीने मग उलटी वाट धरली. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिकृती; आमचे एक्स-मेन, म्हणजे चित्रकथांमधले अद्भुत शक्तींचे नायक, माणसं नाहीतच, असा तिचा युक्तिवाद. बाहुल्यांना १२ टक्के आणि इतर खेळण्यांना ६.८ टक्के असा तो मामला होता. २००३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला, आणि ही पात्रंही माणसंच आहेत असं वर्षानुवर्षं कथांमधून वाचलेले चाहते चिडले. युरोपात वेगळीच पळवाट आहे. चौदा वर्षांवरील संग्राहकांसाठी असं खोक्यावर ठळक लिहिलं, तर हुबेहूब प्रतिकृतीसारखी ठरावीक प्रकारची वस्तू २००९ च्या सुरक्षा निर्देशानुसार खेळणं धरतच नाहीत. खोक्यावरच्या त्या ‘१४+’ चा मजकुराच्या अश्लीलतेशी किंवा हिंसेशी संबंध असेलच असं नाही.

आगाऊ पैसे भरून महिनोन्‌महिने वाट बघायच्या आजच्या पद्धतीची झलकही अमेरिकेत अपघातानेच दिसली होती. १९७७ च्या नाताळात केनर कंपनीकडे स्टार वॉर्सच्या फिगर तयार नव्हत्या, तेव्हा तिने चक्क रिकामा खोका विकला: आत एक प्रमाणपत्र, ते पाठवा, चार फिगर पुढच्या वर्षी टपालाने येतील. लोकांनी घेतला. आता जपानी फिगरच्या बाबतीत ऑर्डरींचा आकडा बघून मग नग काढायचे हीच रीत झाली आहे, त्यामुळे दुकानाच्या शेल्फवर दिसतो तो माल बराचसा दुकानदाराने स्वतःच्या अंदाजावर जास्तीचा मागवलेला असतो. अंदाज चुकला तर सवलत, बरोबर आला तर चढा भाव.

जुन्या मालाच्या काही जपानी दुकानांनी तर खोक्याला वस्तूपासून वेगळंच काढलं. तिथल्या चिठ्ठीवर दोन श्रेणी असतात, एक वस्तूची, एक खोक्याची. वस्तू ‘ए’ आणि खोका ‘सी’ असेल तर आतली फिगर कोरी करकरीत, फक्त पुठ्ठ्याचा कोपरा चेपलेला किंवा खिडकीचं प्लॅस्टिक फाटलेलं. ज्याला वस्तू बाहेर काढून मांडायची आहे, त्याने हीच चिठ्ठी शोधावी.