जीपीए घसरलाय आणि ट्रान्सफर हवी आहे: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांसाठी

कम्युनिटी कॉलेजात पहिली दोनेक वर्षं करून पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जायचं, त्याला ट्रान्सफर म्हणतात. पण पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री एकदम घेतलेली असते, घरी काहीतरी बिनसलेलं असतं किंवा देश नवा असतो, आणि ट्रान्सक्रिप्टवर एक एफ आणि दोन डी येऊन बसतात. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, 1.8. त्यानंतर मुलं पोर्टल उघडायचं टाळतात, आईवडिलांना "ठीक चाललंय" म्हणतात आणि मदत मागायचं वर्ष हातचं घालवतात. कॅलिफोर्नियात घसरलेला जीपीए सावरायला नियमांतच जागा ठेवलेली आहे. मात्र कामं योग्य क्रमाने करावी लागतात: आधी हिशेब, मग ट्रान्सक्रिप्टची दुरुस्ती आणि शेवटी अर्ज. बहुतेक जण अर्जापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात.

हिशेब असा. ए ला 4, बी ला 3, सी ला 2, डी ला 1, एफ ला 0. ग्रेडला त्या विषयाच्या युनिटने, म्हणजे क्रेडिटने, गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण युनिटने भागायचं. समजा 30 युनिट झालेत आणि जीपीए 1.8 आहे, म्हणजे गाठीला 54 गुण. 60 युनिटअखेर 2.4 हवा असेल तर 144 गुण लागतात. उरलेल्या 30 युनिटमध्ये 90 गुण मिळवायचे, म्हणजे सरासरी बी. अवघड आहे, अशक्य नाही. आता त्यातला 4 युनिटचा एफ पुन्हा देऊन बी आणला, तर 54 चे 66 होतात आणि जीपीए 2.2 वर येतो. मग पुढच्या 30 युनिटला 2.6 पुरतो. एक विषय पुन्हा दिल्याने पुढच्या सगळ्या अभ्यासाचं ओझं किती हलकं होतं ते बघा.

युनिव्हर्सिटी जीपीए काढते तो फक्त ट्रान्सफरेबल, म्हणजे तिला मान्य असलेल्या, कोर्सेसवर. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा आणि हा आकडा वेगळा असू शकतो. कुठला कोर्स कुठे धरला जातो ते असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर आपल्या कॉलेजचं नाव टाकून बघता येतं. मेजरसाठी, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयासाठी, आधी कुठले कोर्स हवेत तेही तिथेच कळतं.

आता पात्रता. राज्यात चार वर्षांच्या डिग्रीच्या दोन सरकारी युनिव्हर्सिटी व्यवस्था आहेत. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, 60 सेमिस्टर युनिट आणि किमान 2.0 मागते. राज्याचे रहिवासी नसाल तर 2.4. त्या 60 पैकी 30 युनिट जनरल एज्युकेशनचे हवेत, आणि त्यातल्या चार विषयांत, म्हणजे बोलण्याचा, लिहिण्याचा, तर्काचा आणि गणिताचा कोर्स, सी मायनस किंवा वरची ग्रेड लागते. काउन्सेलर यांनाच गोल्डन फोर म्हणतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, हिचा उंबरठा जरा उंच आहे: 60 युनिट, रहिवाशांना 2.4, बाहेरच्यांना 2.8. शिवाय सात ठरावीक कोर्स लागतात: इंग्लिश लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि बाकीचे चार कला, सामाजिक शास्त्रं व विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतले. प्रत्येकात निदान सी हवी. इथे सी मायनस चालत नाही. पास-नो पास पद्धतीने, म्हणजे ग्रेडऐवजी फक्त पास-नापास असे, घेतलेले जास्तीत जास्त 14 सेमिस्टर युनिटच धरले जातात.

भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांनी यूसीसाठी 2.8 हा आकडा लक्षात ठेवायचा, कारण ती बाहेरची धरली जातात. फ्रीमॉन्ट किंवा सनीव्हेलला आईवडिलांबरोबर वाढलेल्या मुलांची रेसिडेन्सी वेगळ्या निकषांवर ठरते. ती कॉलेजच्या ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स ऑफिसकडून लेखी घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

हे किमान आकडे आहेत. यूसीच्या बर्कली, लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोला प्रत्यक्षात निवड होते ती याहून खूप वरच्या जीपीएला, आणि कॉम्प्युटर सायन्स व इंजिनिअरिंगला तर त्याहूनही वर. मर्सेड आणि रिव्हरसाइड इथे कमी जीपीएला अधिक वाव आहे. माझं स्पष्ट मत: 2.5 च्या आसपास असताना यूसीच्या नऊही कॅम्पसला अर्ज करून फी घालवण्यापेक्षा दोन यूसी आणि तीन-चार सीएसयू नीट निवडावेत.

दुरुस्तीचे मार्ग तीन. पहिला, विषय पुन्हा देणं. डी, एफ किंवा नो पास मिळालेला कोर्स रिपीट करता येतो आणि नवी ग्रेड जीपीएत धरली जाते. सी किंवा वरची ग्रेड मिळालेला कोर्स केवळ आकडा सुधारायला पुन्हा घेता येत नाही. एका कोर्सला साधारण तीनच संधी असतात, आणि मध्येच सोडून घेतलेला डब्ल्यूही (विड्रॉवल) एक संधी खातो. शिवाय 12 युनिटनंतर निम्मे किंवा जास्त युनिट डब्ल्यू, अपूर्ण आणि नो पासमध्ये गेले की प्रोबेशन, म्हणजे कॉलेजचा इशारा, लागतं. घाबरून दर सेमिस्टरला कोर्स सोडणं हा उपाय नव्हे.

दुसरा मार्ग ॲकॅडेमिक रिन्यूअल. ज्या विषयाशी पुढे संबंधच नाही, त्यातला जुना डी किंवा एफ पुन्हा न देता जीपीएतून वगळायची ही सोय आहे. ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर दिसत राहते, पण मोजली जात नाही. नंतरच्या सेमिस्टरना चांगले गुण दाखवावे लागतात; किती युनिट आणि किती काळानंतर, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. अर्ज कॉलेजकडेच करायचा. युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरण्याआधी ही नोंद ट्रान्सक्रिप्टवर चढली पाहिजे, तरच तिचा उपयोग. हा मार्ग माहीत नसल्याने कितीतरी जण विनाकारण मागे राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरा, एक्सक्यूज्ड विड्रॉवल, म्हणजे ईडब्ल्यू. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू अशा हाताबाहेरच्या कारणाने सेमिस्टर बुडालं असेल तर पुराव्यासह विनंती करता येते. मंजूर झाल्यावर तो जीपीएत येत नाही आणि तीन संधींतही मोजला जात नाही. डॉक्टरांचं पत्र, हॉस्पिटलची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, असं जे असेल ते जोडायचं. आजी-आजोबांच्या आजारपणात भारतात जावं लागलं असेल तर विमानाची तिकिटंही जपून ठेवा.

एफ-1 वाल्यांनी इथे जास्त जपायचं. सेमिस्टरला 12 युनिट पूर्ण असणं हा व्हिसाचा भाग आहे. इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, आधी परवानगी न घेता कोर्स सोडून 12 च्या खाली गेलात तर व्हिसाचं स्टेटसच धोक्यात येतं. जीपीए नंतर सावरता येतो, स्टेटस सावरणं फार कठीण.

पक्की जागा हवी असेल तर दोन योजना आहेत. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही 2010 च्या कायद्याने सुरू झाली. ठरावीक 60 युनिट 2.0 जीपीएने पुरे केले की सीएसयू व्यवस्थेत कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते. हवा तोच कॅम्पस मिळेल असं मात्र नाही. कमी जीपीएच्या मुलांना मी हाच रस्ता आधी सुचवेन. दुसरी यूसीची टॅग, म्हणजे ठरलेल्या अटी पाळल्या की प्रवेशाची हमी देणारी योजना: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी, 1 ते 30 सप्टेंबरदरम्यान अर्ज. जीपीएची अट कॅम्पस आणि मेजरप्रमाणे बदलते आणि ती 2.4 च्या वरच असते.

मुख्य अर्ज दोन्हीकडे 1 ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. 30 तारीख शनिवार-रविवारी आली तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत. सीएसयूचा अर्ज कॅल स्टेट अप्लायवर, कॅम्पसमागे 70 डॉलर. यूसीला कॅम्पसमागे 80, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना 95. कमी उत्पन्नाच्या रहिवासी विद्यार्थ्यांना यूसीच्या चार कॅम्पसपर्यंत फी माफ होते. काउन्सेलरची अपॉइंटमेंट ऑक्टोबरात मिळत नाही, ती फेब्रुवारी-मार्चमध्येच घ्या.

यूसीच्या अर्जात शिफारसपत्रं लागत नाहीत. ग्रेड स्वतः भरायच्या आणि प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांची चार उत्तरं लिहायची. मेजरच्या तयारीचा प्रश्न सक्तीचा, बाकीचे तीन सातांतून निवडायचे. घसरलेल्या सेमिस्टरचं कारण अतिरिक्त माहितीच्या चौकटीत तीन-चार वाक्यांत लिहा: काय झालं, तुम्ही काय बदललं, आणि त्यानंतरच्या ग्रेड काय सांगतात. तिसरा भाग नसेल तर पहिल्या दोहोंना वजन येत नाही. जानेवारीत ग्रेडचं अपडेट मागवलं जातं, त्याची मुदत 31 तारखेला संपते. ते न भरल्याने अर्ज बाद झालेले आहेत.

कागदपत्रांत आधी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव द्यावं लागतं, अगदी पुण्या-मुंबईत इंजिनिअरिंगचं एखादं वर्ष करून, एटीकेटी लागून सोडलं असेल तरीही. ते लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. भारतातले गुण मार्कशीटवर आहेत तसेच भरायचे, स्वतः चार गुणांच्या पट्टीत बसवायचे नाहीत. विद्यापीठाकडून सीलबंद अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवायला महिने जातात, म्हणून सुट्टीत घरी गेलात की तेव्हाच अर्ज टाकून या. कम्युनिटी कॉलेजने त्या विषयांचं क्रेडिट द्यावं असं वाटत असेल तर त्यासाठी मूल्यमापन संस्थेचा अहवाल वेगळा लागतो.

यूसीचे निकाल मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि 1 जूनपर्यंत होकार कळवायचा असतो. तो प्रवेश सशर्त असतो. शेवटच्या सेमिस्टरला डी आला किंवा कबूल केलेला कोर्स न सांगता सोडला तर तो काढून घेतला जाऊ शकतो. काही बदल करायचा झाला तर आधी कॅम्पसला कळवा, आणि सगळ्या कॉलेजांच्या अंतिम ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैपर्यंत तिथे पोचतील असं बघा.