भूमिगत विद्युत् प्रेषणाच्या पर्यायी पद्धती
जमिनीखालून उच्च दाबाची वीज नेण्यासाठी नेहमीच्या केबलऐवजी योजलेल्या पद्धती. वायुनिरोधित नळमार्ग, अतिसंवाहक केबल आणि एकदिश प्रवाहाचे प्रेषण या त्यांपैकी प्रमुख होत.

नेहमीची केबल हे एक लांबलचक धारित्रच (विद्युत् भार साठवणारे साधनच) असते. 400 किलोव्होल्ट, 50 हर्ट्‌झच्या केबलची धारिता दर किमी.ला 0.2 मायक्रोफॅरड धरल्यास हा भार भरण्यात जाणारा भारण प्रवाह दर किमी.ला सु. 14.5 अँपिअर येतो. 50 किमी. अंतरात तो 700 अँपिअरांवर जातो आणि संवाहकाची बरीच क्षमता त्यातच खर्ची पडते. शंट रिअ‍ॅक्टर (भारण प्रवाहाची भरपाई करणारी वेटोळी) बसवून हे ओझे काहीसे हलके होते, नाहीसे होत नाही.

नळमार्गाचे मूळ एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पुरलेल्या लोखंडी नळ्यांत किंवा इंग्लिश अभियंता फेरांटीने सु. 1890 मध्ये डेप्टफर्डच्या वीजकेंद्राहून लंडनला नेलेल्या 10 किलोव्होल्टच्या समाक्ष (एकात एक बसवलेल्या) तांब्याच्या नळ्यांत शोधता येते. मात्र पहिल्यात डांबरी मिश्रण, तर दुसऱ्यात मेणात मुरवलेला कागद निरोधक होता. निरोधनाच्या दृष्टीने आजचा नळमार्ग वायुनिरोधित स्विचगिअरलाच (वीजमंडल जोडण्या-तोडण्याच्या सामग्रीलाच) अधिक जवळचा मानणे सयुक्तिक वाटते.

नळमार्गात सु. अर्धा मीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम नळीच्या मध्यभागी दुसरी नळी एपॉक्सीच्या आधारांवर बसवितात. मधल्या पोकळीत दाबाखाली वायू भरतात. पूर्वी शुद्ध सल्फर हेक्साफ्ल्युओराइड वापरत, जिनीव्हा येथे 2001 मध्ये त्याचे प्रमाण 20% ठेवून उरलेला नायट्रोजन भरला. सल्फर हेक्साफ्ल्युओराइड कार्बन डाय-ऑक्साइडच्या 20,000 पटींहून अधिक तापवर्धक असल्याने गळती टाळावीच लागते. म्हणून जोड जागेवरच वेल्ड करून श्राव्यातीत तरंगांनी तपासतात. धारिता केबलच्या सु. पाव असते. खरा धोका राहून गेलेल्या धातूच्या कणाचा. विद्युत् क्षेत्रात असा कण भारित होऊन उभा राहतो, उड्या मारत आधारापर्यंत पोहोचतो आणि तेथे ठिणगी पडते. यासाठी आधारांजवळ नळीच्या तळाशी खाचांची पट्टी ठेवतात. तिच्याखाली क्षेत्र जवळजवळ शून्य असल्याने आत पडलेला कण पुन्हा उठत नाही. जोडणीच्या जागी तंबू उभारून धूळ रोखणे त्यामुळे वेल्डिंगइतकेच महत्त्वाचे ठरते.

अतिसंवाहक (अतिशीत असताना विद्युत् रोध नाहीसा होणारी) केबल द्रव नायट्रोजनने सु. –200° से.पर्यंत थंड ठेवतात. जर्मनीतील एसेन येथे 2014 मध्ये 10 किलोव्होल्ट, 40 एमव्हीएची (मेगाव्होल्ट-अँपिअरची) सु. 1 किमी. केबल कार्यान्वित झाली. वीज वाहत नसतानाही शीतन यंत्रणा चालूच ठेवावी लागते.

एकदिश प्रवाहात सततचा भारण प्रवाह नसतो, पण दोन्ही टोकांना प्रत्यावर्ती (एसी) व एकदिश (डीसी) प्रवाह एकमेकांत बदलणारी खर्चिक परिवर्तक केंद्रे लागतात. थायरिस्टर (एक अर्धसंवाहक स्विच) परिवर्तकात विजेची दिशा फिरवताना विद्युत् दाबाची ध्रुवता (धन-ऋण बाजू) उलटते. त्या वेळी केबलच्या निरोधक पॉलिएथिलीनमध्ये साठलेला विद्युत् भार निरोधनावरील ताण वाढवतो. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या परिवर्तकात ध्रुवता तीच राहून प्रवाह उलटतो. म्हणून अशा केबलसाठी तोच अधिक योग्य.