तोच आयपॉड, हात वेगळा

धंदा बसला की कारणं हजार सापडतात. जागा चुकली, माल महाग पडला, बोलणं जमलं नाही. त्यात वर्णाचा वाटा किती, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय व्यावसायिकाला स्वतःलाही सांगता येत नाही. जे गिऱ्हाईक फिरकलंच नाही, त्याला विचारणार कसं?

जेनिफर डोलियाक आणि ल्यूक स्टाइन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर एक युक्ती काढली. अमेरिकेत ठिकठिकाणी ऑनलाइन जाहिराती देऊन त्यांनी वर्षभर नवेकोरे आयपॉड, म्हणजे गाणी ऐकायची खिशात मावणारी यंत्रं, विकायला काढले. फोटोत आयपॉड धरलेला नुसता हात. कधी गोरा, कधी काळा, कधी मनगटावर गोंदलेला गोरा. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काळ्या हाताला १३ टक्के कमी प्रतिसाद आला आणि १७ टक्के कमी ऑफर. जे आले तेही बिचकतच. ईमेलखाली नाव लिहायला, वस्तू टपालाने मागवायला ते जास्त कचरत होते. गोंदलेल्या हाताचीही साधारण हीच गत! पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती दुसरीच गोष्ट. जिथे विकणारे-घेणारे भरपूर, तिथे काळ्या हाताचा तोटा कमी होता. दहा जणांनी पाठ फिरवली तरी अकरावा येतो. छोट्या बाजारात अकरावा नसतोच.

कर्जाचा बाजार हा असा छोटा. गावात बँका असून असून किती असणार? स्टर्लिंग बोन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) पुरुषांना सारखेच कपडे आणि सारखीच आर्थिक स्थिती देऊन बँकांत पाठवलं. धंद्यासाठी कर्ज हवंय, एवढंच विचारायचं. गोऱ्यांना माहिती जास्त मिळाली. इतरांकडे मागितलेली कागदपत्रं जास्त. कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं, म्हणून तक्रार तरी कशाची करणार?

मग माणूस अर्जच करत नाही. रॉबर्ट फेअरली आणि सहकाऱ्यांनी नव्या कंपन्यांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, तेव्हा पत चांगली असूनही नकाराच्या भीतीने कर्ज न मागणाऱ्यांत कृष्णवर्णीय मालक जास्त आढळले. आकडेवारीत हे 'नाकारलेले' म्हणून कुठेच दिसत नाहीत.

कोविडच्या काळात सरकारने लहान धंद्यांना बँकांमार्फत कर्जं दिली. ज्या छोट्या बँकांनी अर्ज तपासायचं काम माणसांकडून काढून संगणकावर टाकलं, त्यांच्याकडून कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या कर्जांचं प्रमाण वाढलं. पण हुरळून जाण्यात अर्थ नाही. ती कर्जं सरकारी हमीची होती, बुडण्याची जोखीम बँकेवर नव्हती. नेहमीच्या कर्जात संगणकही तारण आणि शिल्लक विचारणार, आणि २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्मी कुटुंबं जिच्या वर, निम्मी खाली) २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००.