डिने कॉलेज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पहिले आदिवासी-संचालित महाविद्यालय. नवाहो या आदिवासी जमातीच्या स्वशासित राष्ट्राच्या परिषदेने १९६८ मध्ये ते ‘नवाहो कम्युनिटी कॉलेज’ या नावाने स्थापन केले. १९९७ पासून ते डिने कॉलेज म्हणून ओळखले जाते. नवाहो लोक स्वतःला डिने म्हणवतात. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत पसरलेला त्यांचा राखीव प्रदेश सुमारे ७१,००० चौ. किमी. असून तो देशातील सर्वांत मोठा आहे. महाविद्यालयाचे मुख्य आवार अ‍ॅरिझोनातील त्सेली येथे आहे. न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथेही शिक्षण चालते.

हे महाविद्यालय कशासाठी निघाले, हे कळायला शंभर वर्षे मागे जावे लागते. १८६४ मध्ये अमेरिकी लष्कराने हजारो नवाहोंना त्यांच्या भूमीतून हुसकावले आणि शेकडो किलोमीटर पायी चालवत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेले. वाटेत आणि छावणीत असंख्य माणसे दगावली. १८६८ च्या तहाने त्यांना घरी परतता आले. त्याच तहाच्या सहाव्या कलमात ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवण्याचे बंधन होते आणि दर ३० मुलांमागे एक शाळा व एक शिक्षक देण्याचे सरकारचे वचन होते. वचन बराच काळ कागदावरच राहिले. पुढे शाळा आल्या त्या १८७९ च्या कार्लाइल शाळेच्या, म्हणजे आदिवासी मुलांसाठी पेनसिल्व्हेनियात काढलेल्या सरकारी शाळेच्या वळणाच्या, निवासी. तिथे मुलांचे केस कापले जात, अंगावरचे कपडे बदलले जात, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. मुलाला त्याच्या माणसांपासून तोडणे हा या शाळांचा उघड हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात नवाहो सैनिकांनी याच भाषेवर बेतलेल्या सांकेतिक संदेशांतून अमेरिकेच्या मरीन दलाला साथ दिली आणि जपानी सैन्याला ते संदेश उलगडले नाहीत. त्या तरुणांपैकी अनेक जण याच निवासी शाळांत शिकलेले होते. अशा अपमानाची भरपाई पुढे मिळालेल्या पदकांनी होत नाही.

१९६६ मध्ये रफ रॉक येथे स्थानिक नवाहो मंडळाच्या हाती कारभार असलेली शाळा सुरू झाली. तिचे संचालक रॉबर्ट रोसेल हेच पुढे महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६९ च्या जानेवारीत मेनी फार्म्स येथे वर्ग भरू लागले, तेही एका सरकारी निवासी शाळेच्या इमारतींत. त्याच वर्षी नेड हताथली अध्यक्षपदी आले. या पदावर बसलेले ते पहिले नवाहो. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने महाविद्यालयासाठी स्वतंत्र कायदा केला, १९७३ मध्ये ते त्सेलीला हलले आणि १९७६ मध्ये त्याला शैक्षणिक मान्यता मिळाली.

महाविद्यालयाचे ध्येय ‘साआह नाघाई बिकेह होझून’ या नवाहो तत्त्वावर उभे आहे. सृष्टीशी मेळ राखून पिकल्या वयापर्यंत नीट जगावे, असा त्याचा ढोबळ आशय सांगता येईल. पुरता आशय विधींतून आणि गीतांतूनच उमगतो. शिकण्याचे चार टप्पे त्यातून निघतात : नित्साहाकेस म्हणजे विचार, नाहाटा म्हणजे आखणी, ईना म्हणजे जगणे आणि सीहासिन म्हणजे अनुभवातून येणारी खातरी. पूर्वेकडून सूर्याच्या गतीने दक्षिण, पश्चिम, उत्तर असा हा क्रम फिरतो आणि नवाहो भूमीच्या चार सीमांवरच्या चार पवित्र पर्वतांशी त्याचे नाते आहे. अभ्यासक्रमांची आखणीही याच क्रमाने केली जाते. वाचलेले आणि ठरवलेले प्रत्यक्ष जगून पाहिल्याखेरीज चौथा टप्पा येत नाही, ही या विचारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्सेलीच्या आवाराची वर्तुळाकार रचना आणि मधली काचेची सहा मजली इमारत यांवर होगान या नवाहो घराची छाप आहे. होगानचे दार पूर्वेला असते.

नवाहो भाषा, इतिहास, विणकाम शिकवणे हा या कामाचा डोळ्यांत भरणारा भाग. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो काय शिकवायचे, कोणी आणि केव्हा शिकवायचे हे ठरवण्याच्या अधिकाराचा. विधी गाऊन उपचार करणारे जाणकार पदवीवाचूनही गुरू असतात. कोयोट या लांडग्यासारख्या लबाड प्राण्याच्या कथा आणि दोरीचे खेळ फक्त हिवाळ्यातच सांगायचे-खेळायचे, असा दंडक आहे. विद्यापीठाची सत्रे तो पाळत नाहीत. मान्यता देणारी मंडळे मात्र पदव्या आणि सत्रेच मोजतात. दोन्ही पारड्यांत उतरणे हे या संस्थेचे रोजचे कष्ट आहेत, आणि बाहेरच्यांनी तिची तुलना मोठ्या विद्यापीठांशी करताना ते क्वचितच लक्षात घेतले आहेत.

पैशाची ओढाताण जुनी आहे. राखीव प्रदेशाची बहुतेक जमीन केंद्र सरकारच्या विश्वस्तीखाली असल्याने इतर सामुदायिक महाविद्यालयांना मिळतो तसा स्थानिक मालमत्ता कराचा आधार नाही. १९७८ च्या कायद्याने आदिवासी महाविद्यालयांना केंद्राचा निधी मिळू लागला, पण तो आदिवासी विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतो; इतर विद्यार्थी शिकले तरी ते त्या हिशेबात धरले जात नाहीत. १९७३ मध्ये अशा सहा महाविद्यालयांनी एकत्र येऊन संघ स्थापला. १९९४ मध्ये २९ आदिवासी महाविद्यालयांना लँड-ग्रँट संस्थांचा, म्हणजे केंद्राच्या खास मदतीस पात्र शिक्षणसंस्थांचा दर्जा मिळाला.

नवाहो भूमीतून १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले आणि ५०० हून अधिक खाणी तशाच उघड्या टाकल्या गेल्या. किरणोत्साराचे धोके वस्त्यांना समजावण्याचे काम शिपरॉकहून या महाविद्यालयाने हाती घेतले. २००६ मध्ये सुरू झालेली डिने धोरण संस्था पारंपरिक नवाहो न्यायविचार आणि आजचा राज्यकारभार यांचा अभ्यास करते. तिच्या २०१४ च्या अहवालाने अन्नावरचा हक्क, किराणा दुकानांची वानवा आणि पारंपरिक पिके हे प्रश्न पुढे आणले.