‘घर विकायचंय?’ बोर्डावर मजकूर किती टाकावा

आम्ही रस्त्याकडेला लावायचे बोर्ड छापतो. थेट मालकाकडून घरं विकत घेणारे आमचे ग्राहक बोर्डाचा मजकूर पाठवतात, तेव्हा खाली हमखास एक ओळ असते: ‘जागा उरली तर हेही टाका.’ मग नमुना चार-पाच वेळा बदलतो, आठवडा जातो आणि शेवटी फोन नंबरच बारीक होतो.

ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे सरकते. 10 सेंटीमीटर उंच अक्षर चांगल्या उजेडात साधारण 35 मीटरवरून वाचता येतं. म्हणजे वाचायला मिळतात अडीच सेकंद! 60 बाय 45 सेंटीमीटरच्या बोर्डावर या मापाच्या तीनच ओळी बसतात, कारण वेलांट्या-उकारांसाठी ओळींमध्ये जागा सोडावीच लागते.

म्हणून आमचा आग्रह असतो: ‘घर विकायचंय?’, ‘आहे तसं घेतो’ आणि नंबर. पिवळ्यावर काळी अक्षरं. लोगो, ईमेल, क्यूआर कोड नको. ‘आहे तसं’ हे दोन शब्द मात्र कापू नका. ज्याला घाई आहे त्याच्याकडे वारशात आलेलं बंद घर असतं, गळकं छप्पर असतं, थकलेले हप्ते असतात. डागडुजी न करता घर विकता येईल, हे त्याला कळलं की तो फोन करतो.

मजकूर कापला की काही जण नाराज होतात. पैसे तुमचे, हे मान्य. पण न वाचला जाणारा बोर्ड छापून देणं आम्हाला पटत नाही. त्यासाठी पूर्ण मापाचा कागदी नमुना आधी देतो. तो भिंतीला लावा, 35 मीटर लांब जा आणि ज्याने तो पाहिला नाही अशा माणसाला अडीच सेकंद दाखवा. त्याला नंबरासकट वाचता आला, तर छपाईला होकार द्या.

बोर्ड 4 मिलिमीटरच्या सनपॅकचे, म्हणजे आतून पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचे असतात. आतल्या नळ्या आम्ही उभ्याच ठेवतो, म्हणजे तारेचा स्टँड खालून सरळ आत जातो. आडव्या नळ्यांचा बोर्ड स्टँडवर बसतच नाही.

बोर्ड खाजगी जागेत, मालकाला विचारून लावा. विजेच्या खांबावर किंवा दुभाजकावर विनापरवाना लावलात, तर कारवाई करणाऱ्यांना तुमचा नंबर बोर्डावरच मिळतो.

प्रत्येक भागासाठी वेगळा नंबर असेल तर ऑर्डरसोबतच कळवा. कुठल्या रस्त्यावरून फोन येतात ते त्यावरून समजतं आणि पुढचे बोर्ड तिथेच वाढवता येतात. नंबर अंकांत लिहून पाठवा, फोनवर सांगू नका.